चौथ्या तुळईवरची फळी

सुतारकाकांना चर्चच्या मंडळीतले लोक समोर ‘काका’ म्हणत आणि पाठ वळली की ‘ठकठककाका’. लाकूड दिसलं की बोट दुमडून त्यावर दोन ठोके द्यायचे आणि मान तिरकी करून ऐकायचं, ही त्यांची खोड. कुणाच्या घरी गेले की आधी दाराची चौकट, मग खुर्ची, आणि मग यजमानांना “कसं काय?” एकदा दवाखान्यात डॉक्टर काकांची छाती ठोकून बघत होते, तेव्हा काका डॉक्टरांचं टेबल ठोकून बघत होते. निघताना डॉक्टर म्हणाले, “तुमचं ठीक आहे.” काका म्हणाले, “तुमचं नाही. मागचा डावा पाय पोकळ झालाय.”

ठोकून झालं की उत्तर दोनच, होय किंवा नाही. आपण सगळे दिवसातून पन्नास वेळा ‘चालेल’ म्हणतो. चहात साखर कमी पडली, चालेल. शर्टाला बटण दुसऱ्याच रंगाचं लागलं, चालेल. काकांच्या तोंडी तो शब्दच नव्हता. काकूंनी भाजी कशी झालीय विचारलं तर “अर्धा चमचा मीठ कमी” असं मापच सांगत, आणि काकू डाव आपटून म्हणत, “अहो, भाजी आहे ती, कपाट नाही!”

लेकीच्या लग्नाची बोलणी करायला गेले तेव्हाची गोष्ट तर मंडळीत अजून सांगतात. मुलाकडच्यांनी चहा ठेवला, काकांनी टेबलावर ठकठक केलं आणि भर बैठकीत म्हणाले, “नाही.” मुलाच्या आईने पुढे केलेली कपबशी मागे घेतली. काकू घाईघाईने म्हणाल्या, “टेबलाला म्हणाले हो, मुलाला नाही!” लग्न झालं. वर्षभरातच विहीणबाईंचा फोन आला, “काका, तुमच्या नाहीचा निकाल लागला. टेबल बसलं, किटलीसकट.”

मंडळीतल्या मयतांच्या पेट्याही काकाच करत. झाकण बसलं की दोन ठोके, कान, आणि हळूच “होय”. रडणाऱ्या माणसांना त्या एका शब्दाने, का कोण जाणे, धीर येई. पोरांना मात्र त्या बोटाची धास्ती. काकांनी लाडाने कुणाच्या टाळक्यावर टकटक केलं तर पोरगं आईच्या मागे लपे.

पाळकसाहेब उपदेशात सांगत, आपलं होय हे होय असावं, अशी प्रभूची अपेक्षा आहे, आणि हे जमत नाही असं कुणी म्हणू नये, तिसऱ्या बाकावर बघावं. सगळी मंडळी तिसऱ्या बाकाकडे वळे. काका आपल्या बुटांकडे बघत बसत. लोकांना वाटे, केवढा नम्र माणूस.

त्या बुटांकडे बघण्याचं कारण तीस वर्षं जुनं होतं, आणि ते चर्चमध्येच, सगळ्यांच्या डोक्यावर होतं.

चर्चच्या मागच्या भागात, मोठ्या दाराच्या वर, गायनवर्गाची लाकडी गॅलरी. ती चार जाड तुळयांवर उभी. प्रत्येक तुळईचं एक टोक भिंतीत, दुसरं पुढच्या खांबावर. काकांच्या वडिलांच्या हातचं काम. वडील गेल्यावर वर्षभरात कोपऱ्यात, चौथ्या तुळईपाशी, भिंत ओली दिसायला लागली. बाहेरची पन्हाळ फुटली होती. पन्हाळ बदलली, आणि तुळईचं भिंतीतलं टोक उघडून बघायचं काम तेव्हा एकतीस वर्षांच्या असलेल्या काकांना सांगितलं.

काका शिडीवर चढले. भिंतीलगतचं लाकूड काळं पडलेलं दिसलं. अंगठा दाबला तर तो किंचित आत गेला. आता दगड काढायचे, टोक मोकळं करायचं, तुळईला टेकू द्यायचा, म्हणजे दोन दिवस तरी गेले. एवढ्यात बाहेरून काकूंची हाक आली. घर चर्चच्या मागेच. “अहो, ताटं वाढलीत! गार होतंय सगळं.”

काकांनी त्या काळ्या जागेवर रंधा मारून गुळगुळीत केलेली एक छान फळी ठोकली. कडेने नक्षीची पट्टीसुद्धा लावली. त्या वेळचे पाळक खालून म्हणाले, “काय रे, आत कसं आहे?”

काका शिडीवरूनच म्हणाले, “चालेल.”

आणि जेवायला गेले. कुणाला फसवायचं मनात नव्हतं, कसला लोभ नव्हता. भूक लागली होती, एवढंच. उद्या उघडतो, असं स्वतःशी म्हणाले. उद्या दुसरं काम आलं. आठवड्यात लोक त्या नक्षीच्या पट्टीचं कौतुक करायला लागले. आता उघडायची म्हणजे सांगायचंही आलं. आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच. त्या दिवसापासून ‘चालेल’ हा शब्द काकांच्या तोंडून गेला. चटका बसलेलं पोर जसं चुलीपाशी जात नाही, तसे ते त्या शब्दापाशी जात नसत. लोक त्याला सत्यवादीपणा म्हणाले, आणि काकांनी म्हणू दिलं.

तर चर्चला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. रविवारी सकाळी मोठी उपासना. एरवी गॅलरीत वीस माणसं गातात. त्या दिवशी तीन मंडळ्यांचे गायनवर्ग मिळून साठजण गाणार होते. त्यांत काकांची नातही होती. नऊ वर्षांची, बारीक आवाजाची, म्हणून घरात तिला चिमणी म्हणत. उंचीने लहान, म्हणून तिला पुढच्या ओळीत, अगदी कोपऱ्यात उभं केलेलं. चौथ्या तुळईवर.

त्या आठवड्यात जेवताना चिमणी म्हणाली, “आजोबा, आमच्याबरोबर गॅलरीपण गाते.”

“काय गाते?”

“आम्ही सगळ्यांनी खालचा सूर लावला की ती कर्र म्हणते. आमच्या बाई म्हणतात, चला, एक आवाज वाढला!”

काकू हसल्या. काकांचा घास हातातच राहिला. “कुठल्या बाजूला?” त्यांनी विचारलं.

“माझ्या,” चिमणी म्हणाली आणि वरण मागून घेतलं.

गुरुवारी संध्याकाळी समितीची बैठक भरली. समितीत पाळकसाहेब, सचिव आणि इतर चारपाच जण. सचिव म्हणजे उत्साहाचा झरा. चर्चला त्यांनी आतून-बाहेरून नवा रंग दिला होता आणि दिवसातून दहा वेळा त्याचा वास घेऊन बघत. गॅलरीचा विषय निघाला. काका उभे राहिले.

“चारही तुळया ठोकल्या. तीन होय म्हणतात. चौथी बोलत नाही.”

“बोलत नाही म्हणजे?”

“टोकाशी फळी आहे. आवाज फळीचा येतो, तुळईचा येत नाही. फळी काढून बघावं लागेल.”

“अहो काका, कालच दुसरा हात दिलाय रंगाचा तिथे! रविवारी पाहुणे येणार, आणि त्यांना भगदाड दाखवायचं? तुमच्या वडिलांचं काम आहे ते. तुमचाच विश्वास नाही?”

“विश्वास नाही असं नाही...”

“मग? चालेल म्हणा की एकदाचं!”

सगळे हसले. काका चालेल म्हणणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्याचंच हसू. काकांच्या ओठावर पुढचं वाक्य आलं होतं. ‘ती फळी मी मारलीय, आणि आतलं लाकूड मी पाहिलंय.’ एवढंच म्हणायचं होतं. ते ओठावर आलं आणि तिथेच सुकलं.

पाळकसाहेब शांतताप्रिय माणूस. वाद वाढायला लागला की ते डोळे मिटत. आताही मिटले. “आपण प्रार्थना करू या.” प्रार्थना लांबलचक झाली. रंगाऱ्यांसाठी, पाहुण्यांच्या प्रवासासाठी, हवामानासाठी, आणि त्यातच, “आमच्या सुतारकाकांनी गॅलरी स्वतःच्या हातांनी तपासली, ती मजबूत आहे, याबद्दल, हे प्रभू, तुझे आभार मानतो.”

“आमेन!” सगळे म्हणाले.

सगळ्यांत मोठा आवाज काकांचा. आयुष्यभराची सवय ती. शिंक यावी तसा तो शब्द येतो. प्रार्थनेचा सूर खाली आला की जीभ आपोआप उचलली जाते. मन तेव्हा कुठे का असेना.

काका बुटात पाय घालत होते तेव्हा त्यांना कळलं की आपण कशाला आमेन म्हणालो. एक बूट हातात घेऊन ते परत आत आले. सचिव इतिवृत्त लिहून मिटतच होते.

“माझं ते आमेन... ते काढा त्यातून.”

“आमेन कसं काढणार काका?” सचिवांना खरंच गंमत वाटली. “देवाला दिलेला शब्द आहे. उद्या म्हणाल, बाप्तिस्मा पुसा.”

शुक्रवारी काका आपल्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे घरामागची शेड, भुशाचा वास, भिंतीला टेकवून ठेवलेल्या फळ्या. काम काही नव्हतं. त्यांची नजर फळ्यांवर गेली, आणि हात न लावताच डोक्यात हिशेब सुरू झाला. मोठ्या मापाच्या पेट्या किती होतील, लहान मापाच्या किती. चार फुटी किती. लहान मापाच्या बऱ्याच होत होत्या. काका बाहेर आले आणि शेडचं दार लावून घेतलं. कडी नीट बसलीय ना, ते तीनदा बघितलं.

शनिवारी ते पाळकसाहेबांकडे गेले. साहेब उपदेशाचे कागद जुळवत होते. काकांनी पन्हाळीचं सांगितलं, ओलीचं सांगितलं, चिमणीने ऐकलेल्या कर्रचं सांगितलं. तेवढं एक सोडून बाकी सगळं.

साहेबांनी चष्मा काढला. “काका, आत काय आहे हे तुम्हाला नक्की माहीत आहे का?”

“नाही,” काका म्हणाले.

शब्दाला शब्द लावून पाहिला तर उत्तर बरोबर होतं. तीस वर्षांत आत काय झालं, ते कुणाला माहीत असणार? पण आयुष्यात इतकं खोटं ‘नाही’ त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं, आणि ते त्यांना दारातून बाहेर पडायच्या आत कळलं.

“मग काळजी त्याच्यावर टाका,” साहेब मायेने म्हणाले आणि वर बोट दाखवलं.

काकांनी वर बघितलं. वर छत होतं.

रविवारी चर्च खचाखच भरलं. नव्या रंगाचा वास, फुलांचा वास, परीटघडीचे कपडे. काका तिसऱ्या बाकावर बसले नाहीत. मागे, गॅलरीच्या खाली, कोपऱ्यात जाऊन बसले. कोटाच्या आतल्या खिशात पटाशी आणि हातोडी. काकूंनी विचारलं तेव्हा ‘सवय’ म्हणाले होते. शेजारी शालवाल्या आजी. ऐंशीच्या पुढच्या, कानाने कमी आणि तोंडाने भरपूर. त्या शालीवरून काहीतरी झटकत होत्या.

“सुतारा, तुझ्या डोक्यात कोंडा झालाय का रे? दर रविवारी माझ्या शालीवर पडतो.”

काकांनी त्यांच्या खांद्यावरची चिमूटभर पूड बोटावर घेतली. तपकिरी, मऊ, पिठासारखी. “मी इथे आजच बसतोय, आजी.”

“मग वरून पडत असेल,” आजी म्हणाल्या आणि गीतपुस्तक झटकलं.

गायनवर्ग बाहेर, जिन्याच्या पायथ्याशी ओळीने उभा होता. सुरुवातीची प्रार्थना झाली की साठजणांनी वर जायचं, असं ठरलेलं. उघड्या दारातून काकांना ओळीचं टोक दिसत होतं. पांढऱ्या झग्यात चिमणी. तिने आजोबांना बघून हात हलवला, आणि मग वाकून जिन्याच्या कठड्यावर बोट दुमडून दोन ठोके दिले. आजोबांची नक्कल.

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. काकांनी मिटले नाहीत. ते वर बघत राहिले. नवा रंग चकाकत होता आणि नक्षीच्या पट्टीच्या कडेला केसाएवढी चीर पडली होती. काल ती नव्हती. रंग वाळला होता. रंगाखालचं काहीतरी हललं होतं.

शंभर वर्षांबद्दल आभार झाले. पूर्वजांबद्दल झाले. “आणि ज्या गॅलरीतून आज तुझी स्तुती होणार आहे, ती आमच्या काकांनी तपासून दिली, त्या त्यांच्या खरेपणाबद्दलही, हे प्रभू...”

“आमेन!” तीनशे माणसं म्हणाली.

आणि त्या आमेनच्या मागून, एका श्वासाच्या अंतराने, कोपऱ्यातून एक शब्द आला. “नाही.”

डोळे उघडले. माना वळल्या. जिन्यावर पडलेलं पहिलं पाऊल थांबलं. गायनवर्गाच्या बाई एक पाय वर आणि एक खाली अशा उभ्या राहिल्या.

काका उभे होते. आवाज पार पुढे वेदीपर्यंत पोचत होता. “साहेब, मी तपासलेली नाही. ती कोपऱ्यातली फळी मी मारलीय. तीस वर्षं झाली. आतलं लाकूड तेव्हाच मऊ होतं. मी अंगठा लावून बघितलं होतं. जेवायची वेळ झाली होती म्हणून फळी मारली आणि चालेल म्हणालो. तुम्ही मला खरा म्हणता. मी खरा नाही. पोरांना वर नेऊ नका.”

मग सचिव दबक्या आवाजात म्हणाले, “काका, ही वेळ आहे का?”

“हीच आहे. अजून अर्ध्या मिनिटाने ती टळेल.”

पाळकसाहेब उपदेशाच्या पुलपिटावरून खाली उतरले. ते कधी घाईने चालत नसत; त्या दिवशी चालले. “गॅलरीखालची सगळी बाकं रिकामी करा,” ते म्हणाले. लोक उठले, पुढे सरकले. शालवाल्या आजींना दोघांनी हाताला धरून नेलं. “पण माझी जागा ही आहे!” त्या ओरडत होत्या. काकांनी शिडी मागितली. शिडी आली.

“रंग ओला असेल,” सचिव सवयीने बोलून गेले आणि मग त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला.

काका चढले. पटाशीचं पातं पट्टीखाली सारलं. पट्टी निघाली. फळीचे खिळे एकेक करून ढिले केले. एकतीस वर्षांच्या हाताने ठोकलेले खिळे एकसष्ट वर्षांच्या हाताला जड जात होते. फळी बाजूला झाली. आत अंधार होता आणि ओल्या मातीचा वास आला. काकांनी पटाशी लाकडाला लावली. दाबली नाही, नुसती लावली. ती मुठीपर्यंत आत गेली. आवाज झाला नाही. बाहेर काढली तेव्हा पात्याला चहाच्या चोथ्यासारखं काळं काहीतरी चिकटून आलं.

काकांनी हात आत घातला. बोटांना भिंतीतला दगड लागला. दगड आणि तुळई यांच्यामध्ये वीतभर काहीच नव्हतं. ती तुळई भिंतीवर टेकलेलीच नव्हती. शेजारच्या तुळईला लटकून, त्या फळीला आणि खिळ्यांना धरून, इतके रविवार उभी होती.

“साहेब,” काका वरूनच म्हणाले, “सगळे बाजूला झाले ना?”

“झाले. तुम्ही उतरा.”

काकांचा पाय शिडीच्या शेवटच्या पायरीवर होता तेव्हा गॅलरी बोलली. चिमणी म्हणाली होती तशीच, खालच्या सुरात, लांबलचक. कोपरा दोन बोटं खाली आला आणि थांबला. वर मांडलेल्या साठ खुर्च्यांपैकी एक आपोआप सरकत कठड्यापर्यंत आली, टेकली, आणि हलत राहिली. भिंतीवरून चुना झरझर गळला, रिकाम्या बाकावर, आजींच्या विसरलेल्या गीतपुस्तकावर.

ती कोपऱ्यातली, चिमणीची खुर्ची होती.

पुढची उपासना खालीच झाली. साठजण वेदीसमोर दाटीवाटीने उभे राहून गायले. चांगलं गायले असतील. ऐकलं कुणीच नाही. सगळी मंडळी माना वळवून मागे, वर बघत होती. शेवटची प्रार्थना झाली, साहेबांचा सूर खाली आला, आणि आमेनच्या जागी शांतता पसरली. कुणाची जीभ उचलेना. मग शालवाल्या आजींचा आवाज आला, त्यांच्या हिशेबाने कुजबुज आणि इतरांच्या हिशेबाने आरोळी. “काय रे सुतारा, म्हणू का?”

हसू फुटलं, रडू येता येता फुटतं तसं. “म्हणा, आजी,” काका म्हणाले. ते हसले नाहीत.

बाहेर अंगणात लोक येऊन त्यांचा हात धरत होते. कुणी धीट म्हणालं, कुणी साक्षीदार म्हणालं. काका प्रत्येकाला तेच सांगत होते, “तीस वर्षं उशिरा.” चिमणीने त्यांच्या कोटाला चिकटून विचारलं, “आजोबा, मी पडले असते?” त्यांनी तिच्या टाळक्यावर हात ठेवला. ठोकलं नाही. “होय,” म्हणाले.

दुपारी जेवण झाल्यावर ते कागद घेऊन बसले. काकूंना वाटलं, टेकूसाठी लाकडाची यादी करताहेत. ती यादी घरांची होती. तीस वर्षं काकांनी तो शब्द उच्चारला नव्हता, हे खरं. पण त्याच्या आधी नऊ वर्षं ते सुतारच होते, आणि तेव्हा इतर सगळ्यांसारखेच दिवसातून पन्नास वेळा चालेल म्हणत होते. कुठे जिना, कुठे पाळण्याची कडी, कुठे माळा. आठवतील तसे लिहीत गेले. कागद पाठपोट भरला. त्यांनी दुसरा मागितला.

सोमवारी सकाळी पिशवी खांद्याला लावून निघाले. “अहो, न्याहारी?” काकू म्हणाल्या.

“आल्यावर.”

यादीतलं पहिलं घर तीन गल्ल्या पलीकडे. तिथे आता दुसरंच कुटुंब राहत होतं. काकांनी दारावर ठकठक केलं. केस विस्कटलेली एक तरुण बाई दार किलकिलं करून बघायला लागली.

“सुतार आहे, ताई. तुमच्या आतल्या खोलीतला माळा मी बसवलाय, पूर्वी. तो उघडून बघायचाय.”

“आत्ता?” तिने आत बघत आवाज खाली आणला. “बाळ आत्ता कुठे झोपलंय, त्याच्याच खाली. जरा नंतर आलात तर चालेल का?”

आतल्या खोलीत कुठेतरी लाकूड हलकेच कुरकुरलं.

“नाही,” काका म्हणाले, आणि बूट दारात काढून आत गेले.